नऊ किलोच्या लेकीचं डायलिसिस, ४१ वेळा

६ जून २०२४, गुरुवार. चिमीच्या पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी नेहमीसारखी पेपरवर ठेवली आणि खालची अक्षरं दिसेनात. आम्हाला तसंच शिकवलं होतं: पिशवीतून बातमी वाचता आली तर पाणी चांगलं, नाही आली तर लगेच फोन. निवडणुकीच्या निकालाचे मोठाले मथळे होते त्या दिवशी, तेही धुरकट दिसत होते.

थोडं मागचं सांगतो. आमची मुलगी (चिमी हे घरातलं नाव, इथं तेच वापरतो) १४ महिन्यांची असताना तिला रक्ताचे जुलाब झाले. पाचव्या दिवशी जुलाब थांबले, आम्ही सुटलो म्हटलं, आणि पोरगी पांढरीफटक पडली. लघवी बंद. निदान आलं एचयूएस, म्हणजे हिमोलायटिक युरेमिक सिंड्रोम: तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि किडन्या बंद पडतात. जुलाबानंतर होणाऱ्या या आजारातून बहुतेक मुलांच्या किडन्या सावरतात. चिमीच्या सावरल्या नाहीत. पाणी कुठलं प्यायली, काय खाल्लं, यावर घरात महिनाभर वाद झाले. त्यातून काही निघालं नाही.

जानेवारी २०२४ पासून घरीच पोटाचं डायलिसिस सुरू झालं: पोटात बसवलेल्या नळीतून पाणी आत सोडायचं आणि रक्तातली घाण घेऊन ते पिशवीत बाहेर काढायचं. एवढ्या लहान मुलांना शक्यतो तेच देतात. रक्त बाहेर काढावं लागत नाही, आणि रोजच होत असल्यामुळे खाण्यापिण्यावर फार बंधनं नसतात. पाच महिने बरं चाललं. मग ती गढूळ पिशवी. तपासणीत बुरशी निघाली. जंतू असते तर पिशवीतूनच अँटिबायोटिक देऊन नळी वाचवता आली असती. बुरशी म्हटल्यावर नळी काढायचीच आणि पोटाला विश्रांती द्यायची. तोवर रक्ताचं डायलिसिस, मशीनवरचं.

सोलापुरात डायलिसिसची सेंटरं कमी नाहीत. ७ तारखेला सकाळी तीन ठिकाणी विचारलं. पहिला प्रश्न वय, दुसरा वजन. "नऊ किलो" म्हटलं की पलीकडे शांतता. एकांनी स्पष्ट सांगितलं, "दादा, मशीन आहे, पण एवढ्या लहान बाळाचं सामान नाही आणि आमच्या पोरांचा हात बसलेला नाही. उगीच हो म्हणणार नाही." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, हा माणूस सगळ्यात प्रामाणिक होता.

८ जूनला ॲम्ब्युलन्सनं पुण्याला. ७,५०० रुपये. ९ ला पोटातली नळी काढली. १० ला भूल देऊन मानेच्या उजव्या बाजूच्या मोठ्या शिरेत दोन तोंडांची नळी घातली, कातडीखालून छातीवर बाहेर काढलेली. पर्मकॅथ म्हणतात तिला. चिमीची ८ फ्रेंच, म्हणजे जाडीला तीन मिलिमीटरच्या आत. माझं अशोक चौकाजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बारीक वायरींशी रोजचा संबंध, पण ही नळी हृदयाच्या दारापर्यंत गेलीय हे ऐकल्यावर दोन दिवस हातात स्क्रू-ड्रायव्हर धरवला नसता.

लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर गणित मांडून दाखवलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. किलोमागे साधारण ८० मिली रक्त. चिमी ९.२ किलो, म्हणजे अंगात एकूण रक्त सुमारे ७३५ मिली. पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. त्यातलं १० टक्क्यांहून जास्त एका वेळी अंगाबाहेर असता कामा नये, म्हणजे ७०-७५ मिली. मोठ्या माणसाच्या नळ्या आणि फिल्टर मिळून २०० मिलीच्या वर रक्त सहज धरतात. ते सामान लावलं तर पहिल्याच पाच मिनिटांत पोरीचं चौथाई रक्त नळ्यांत. म्हणून फिल्टर छोटा, नळ्या बारीक. तरी आमचा सेट सगळा मिळून ७५-८० मिलीचा होता. "काठावर आहोत आपण," मॅडम म्हणाल्या. पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन ६.८ होतं, म्हणून नळ्या रक्तपेढीच्या रक्तानं भरूनच सुरू केलं. पुढं मात्र त्यांनी शक्य तेवढं रक्त टाळलं. दर वेळी परक्याचं रक्त गेलं तर अंगात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि उद्या किडनी बसवायची वेळ आली की जुळणारी मिळणं अवघड होतं. हे मला कुणी न सांगता कळलं नसतं, आणि रक्त द्यायला रांगेत उभे राहिलेले माझे मित्र तर नाराजच झाले.

११ जून, मंगळवार. पहिलं डायलिसिस फक्त दोन तासांचं. मिनिटाला ३० मिली इतका संथ प्रवाह. शेजारच्या बेडवरच्या काकांचं मशीन ३०० वर चाललं होतं. मला वाटलं आपल्याला कमी देतायत. विचारलं. तर रक्तातला युरिया एकदम उतरला की मेंदूला सूज येते, उलट्या होतात, आकडीसुद्धा येऊ शकते, म्हणून पहिली दोन-तीन डायलिसिस मुद्दाम छोटी. नंतर आम्ही ४५ मिली आणि तीन तासांवर आलो. रक्त बाहेरून फिरून येतं तसं थंड होतं, आणि खोलीत एसी. चिमीचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा सिस्टरनी मशीनचं तापमान वाढवलं आणि आम्ही बॅगेतून धुतलेली चादर काढली. तेव्हापासून चादर आणि टोपी कायम बॅगेत.

बायकोला पहिल्या दिवशी त्या लाल नळ्यांकडे बघवलं नाही. ती बाहेर पायरीवर बसली. तिसऱ्या खेपेपासून तीच आत बसायला लागली आणि मी बाहेर. अलार्म वाजला की माझेच हात कापायचे.

आता कागदपत्रं. आमचं केशरी रेशनकार्ड, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होतो. अडचण दोन. चिमीचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नव्हतं. आणि तिचं आधार बाल आधार, पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे त्यात घेतलेलेच नसतात, त्यामुळे खिडकीवर ठसा मागितला की काम थांबायचं. आरोग्यमित्रांनी (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारे) मार्ग सांगितला: जन्मदाखला, आई किंवा वडिलांसोबत मुलीचा फोटो आणि पालकाचं रेशनकार्ड. जन्मदाखला सोलापूर महापालिकेचा होता, पण त्यावर आईचं नाव माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. त्यासाठी लग्नाचा दाखला. तो घरी कपाटात. माझ्या भावानं रात्रीच्या गाडीत ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवला. यात चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांतली दोन डायलिसिस रोख भरावी लागली. मूल धडधाकट असतानाच रेशनकार्डावर नाव चढवून घ्या, एवढंच म्हणतो. आणि दाखल होताना पहिल्याच तासात आरोग्यमित्र गाठा, डिस्चार्जच्या वेळी नाही. मंजुरी आधी लागते, मागाहून धावपळ करून उपयोग होत नाही.

योजनेत डायलिसिस बसलं, पण लहान मुलाचा सेट बसला नाही. एक सेट २,३५० रुपये, तो आमच्या खिशातून. मोठ्यांचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरतात तसं तिच्या बाबतीत करायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं.

पुण्यात खोली रोजची ५०० रुपये, दुकान बंद. तीन आठवड्यांत कळून चुकलं की हे पेलणार नाही. मंगळ-गुरू-शनी डायलिसिस आणि घर अडीचशे किलोमीटर लांब. मी मॅडमना विचारलं, सोलापुरात कुणी तयार झालं तर? त्या म्हणाल्या, "तयार झाले तर मी फोनवर आहे. पण ज्यांना जमणार नाही असं वाटतं त्यांना आग्रह करू नका." मग मी त्याच प्रामाणिक माणसाच्या डॉक्टरांना भेटायला एका दिवसात सोलापूर-पुणे ये-जा केली. रेल्वेत किडनीच्या पेशंटला डायलिसिसच्या प्रवासासाठी सवलत आहे, स्लीपर आणि चेअर कारला ७५ टक्के, सोबतच्या एका माणसालाही. ठरावीक नमुन्यात डॉक्टरांचा सही-शिक्का लागतो, तो पुण्यातच घेऊन ठेवा. पुढं चिमीला घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसनं जाता-येताना तो कामी आला.

डॉक्टरांनी दोन दिवस मागून घेतले, मग हो म्हणाले. अटी त्यांच्या: सामान आम्ही आणायचं, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचे नवे रिपोर्ट, सकाळची पहिली पाळी, आणि टेक्निशियनदादा पूर्ण वेळ तिच्याच बेडपाशी. मॅडमनी एका पानावर सगळं लिहून दिलं. प्रवाह ४५, तासाला १२० मिलीपेक्षा जास्त पाणी काढायचं नाही, हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती, बीपी कितीच्या खाली गेलं तर किती मिली सलाईन. मी त्या पानाला नव्या पेठेत लॅमिनेशन करून मशीनला अडकवलं. ३० रुपयांत झालेलं सगळ्यात उपयोगी काम. दुसरं म्हणजे बीपीचा लहान पट्टा स्वतःचा घेतला, ९०० रुपयांना. मोठ्या पट्ट्यानं बीपी खोटंच कमी दिसतं.

४ जुलैला सोलापुरातलं पहिलं. दर पाच मिनिटांनी अलार्म. नळी, दाब, सेटिंग, सगळं तपासून झालं. शेवटी बायकोच्या लक्षात आलं. टीव्ही उजवीकडे होता. चिमी तिकडं मान वळवायची आणि उजव्या मानेतली नळी दबायची. मोबाईल डाव्या बाजूला, तिच्या डोळ्यांच्या रेषेत, सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीनं बांधला. अलार्म बंद. मोबाईल बांधण्याचं काम अर्थात माझं.

आता माझी चूक. १८ जुलै. डायलिसिसआधी वजन करायचं, कोरडं (अंगात जादा पाणी नसतानाचं) वजन ९.२ धरून वरचं जेवढं असेल तेवढं पाणी मशीननं काढायचं. त्या दिवशी ती झोपेत होती, रडेल म्हणून मी डायपर न काढताच काट्यावर ठेवली. ९.५६. म्हणजे ३६० मिली, तीन तासांत तासाला १२०, मर्यादेत. दोन तास झाले आणि चिमीनं जांभई दिली. मग आणखी एक. मला वाटलं झोप येतेय. टेक्निशियनदादा खुर्चीवरून उठला. "जांभई चांगली नाही." पट्टा फुगवला, वरचं बीपी ५८. पाणी काढणं बंद, पाय वर, ४५ मिली सलाईन. ओठांचा रंग परत यायला सात-आठ मिनिटं लागली असतील, मी घड्याळाकडं बघितलंच नाही. नंतर डायपर काट्यावर टाकला. १४० ग्रॅम. मोठ्या माणसाच्या हिशेबात हे काहीच नाही. तिच्या अंगातून तेवढं पाणी जास्त ओढलं जात होतं. त्यानंतर उघड्या अंगानं, एकाच काट्यावर, दोनदा वजन. रडली तर रडू दे.

घरचा हिशोब आईनं सांभाळला. ती बिड्या वळायची. हजाराला एक कमी पडली तर कारखान्यात पैसे कापायचे, त्यामुळे मोजण्यात तिचा हात कुणी धरत नाही. चिमीला दिवसाला २८० मिली: दूध, वरणाचं पाणी, औषध, सगळं त्यातच. पोटाच्या डायलिसिसला एवढं कडक नव्हतं. मशीन एक दिवसाआड, आणि शनिवार ते मंगळवार तर तीन दिवसांची खिंड. आई सकाळी खोकल्याच्या औषधाच्या छोट्या मापानं मोजून पाणी एका स्टीलच्या गडूत काढून ठेवायची, काय जाईल ते त्यातून वजा. संध्याकाळी गडूच्या तळाला दोन घोट राहिलेले असायचे आणि पोरगी त्या गडूकडंच बोट दाखवायची. "पोरगी पाणी मागलालीय रे," एवढं म्हणून आई स्वयंपाकघरात निघून जायची. ती स्वतःही चिमीसमोर पाणी पीत नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही ओल्या फडक्यानं ओठ पुसायचो. औषधं पाण्याऐवजी मऊ भातात कालवून द्यायचो, तेवढंच दहा-पंधरा मिली वाचायचं.

भेटायला येणारे शहाळी आणायचे. आजाऱ्याला शहाळं, दुसरं काय नेणार. त्यातलं पोटॅशियम अशा मुलाला थेट हृदयावर जातं. चार-पाच जणांना समजावून थकलो आणि मग दारावरच चिठ्ठी लावली. बटाटा चिरून, भिजवून, पहिलं पाणी फेकून शिजवायचा. दूध मोजून, कारण त्यातला फॉस्फरसही अशा मुलाच्या अंगात साठतो. शेंगाचटणी बंद. सोलापूरच्या घरात शेंगाचटणीचा डबा लपवून ठेवायची वेळ आली.

नळी भिजू द्यायची नाही, म्हणून तीन महिने अंघोळ नाही, पुसून काढायची. ओढू नये म्हणून बायकोनं झबली उलटी शिवली, बटणं पाठीवर. असली पाच शिवली. आणखी एक, सॅम्पल घ्यायला आले की किती मिली काढणार ते विचारा. मोठ्यांच्या तीन ट्यूबा भरल्या तर दहा-बारा मिली जातात. लहान ट्यूब मागितली तर देतात. आणि रक्त पंजाच्या मागच्या बाजूनं घ्यायला सांगा, कोपराच्या आणि मनगटाच्या शिरा तिला पुढं फिस्टुलासाठी (मशीनच्या डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात ती) लागू शकतात.

जुलैच्या शेवटी नळीच्या तोंडापाशी रक्त झिरपत होतं म्हणून एक दिवस हेपारिनशिवाय केलं. प्रवाह आधीच संथ, दीड तासात फिल्टर काळा पडला. गुठळी. आतलं सगळं रक्त फेकावं लागलं, म्हणजे पोरीचं दहावा भाग रक्त कचऱ्याच्या लाल पिशवीत. कुणाची चूक नव्हती, झिरपणं आणि गुठळी यांत एक निवडायचं होतं. हिमोग्लोबिन ८.९ वरून ७.८ वर आलं. रक्त न देता इरिथ्रोपोएटिनचं (अंगात रक्त तयार करायला लावणारं) इंजेक्शन आणि लोह वाढवून महिनाभर वाट पाहिली.

१० ऑगस्टला मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप. नळीत संसर्ग. चौदा दिवस अँटिबायोटिक, नळी वाचली. त्या दिवसापासून नळी जोडताना-काढताना खोलीतल्या सगळ्यांना मास्क, मलाही, आणि पंखा बंद. ऑगस्टच्या उकाड्यात लोक वैतागायचे. वैतागू देत.

पोट तयार आहे असं मॅडमनी सांगितल्यावर २८ ऑगस्टला पुण्यात पुन्हा पोटात नळी बसली. ती लगेच वापरत नाहीत, जखम भरायला दोन आठवडे देतात. तोवर मशीन. ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आणि शनिवार. सकाळी सातला आम्ही युनिटमध्ये. बाहेर मंडळांची मूर्ती आणायची गडबड, लांबून लेझमीचा आवाज, आणि आत चिमी ताल धरून डावा हात हलवतेय. उजवीकडं वळू नये म्हणून तिला खिडकीशी नेता येत नव्हतं. दादानं खिडकी उघडली.

१२ सप्टेंबर, गुरुवार, ४१ वं. त्याच रात्री घरी पोटाच्या पिशव्या सुरू, आधी थोड्याशा पाण्यानं. सकाळी पिशवी पेपरवर ठेवली. पहिल्या पानावरची सगळी अक्षरं वाचली, जाहिरातींसकट. २४ ला पुण्यात मानेतली नळी काढली. खिशातून गेलेले एकूण १ लाख ६४ हजार, त्यात सर्वांत मोठा वाटा सेटचा. पोटाच्या पिशव्यांचा महिन्याचा खर्च वेगळाच आहे, त्यावर पुन्हा लिहीन. वजन वाढलं की किडनी बसवायचं बघायचं, बायकोच्या तपासण्या सुरू केल्यात. चिमी आता ९.८.

तीन सेट उरले होते. दुकानदार परत घेईना. सोलापूरच्या त्या युनिटमध्ये नेऊन दिले. दादानं कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला आणि मी खोक्यावर मार्करनं लिहिलं: लहान मूल, ८ ते १२ किलो. शेजारी ते लॅमिनेशन केलेलं पान आणि बीपीचा पट्टा ठेवला. सेटची मुदत २०२६ पर्यंत होती.